विहिरीवरची घड्याळं

संतोष बोराडेला घड्याळांचा नाद होता. नाद म्हणजे अगदी कामातून गेलेला. अंबडच्या कारखान्यात तो दिवसभर लोखंडाचे तुकडे मापून हा पास, तो फेल असं करायचा आणि घरी आला की तेच घड्याळांवर करायचा. त्याचं यूट्यूबवर एक चॅनल होतं. चार हजार एकशे लोक ते बघायचे, त्यातले निम्मे त्याच्याशी भांडायला. पंधरा हजारांच्या आतली, बॅटरी नसलेली, मनगटाच्या हालचालीवर चालणारी घड्याळं, एवढाच त्याचा प्रांत. लाखांच्या घड्याळाचं नाव काढलं की तो म्हणायचा, "ती घड्याळं नाहीत, दागिने आहेत." त्यावर त्याची बायको उज्ज्वला एकदा म्हणाली होती, "तुमचेही दागिनेच आहेत. फक्त माझ्या उपयोगाचे नाहीत." हे त्यानं मनाला लावून घेतलं नाही. तो सहसा काही मनाला लावून घ्यायचा नाही.

त्या हिवाळ्यात त्याच्या चॅनलवर वाद पेटला होता तो पाणबुड्यांच्या आणि वैमानिकांच्या घड्याळांचा. पाणबुड्याचं घड्याळ म्हणजे जाडजूड, अंधारात चमकणारे ठिपके, पाण्यात दोनशे मीटरपर्यंत काही होणार नाही अशी हमी. वैमानिकाचं म्हणजे काळी तबकडी, मोठाले पांढरे आकडे, हातभरावरून वाचता येतील असे. दोन्हींच्या काचेभोवती एक फिरतं कडं असतं. त्यावर एक त्रिकोणी खूण. काम सुरू करताना खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, की मग किती मिनिटं झाली ते कड्यावर वाचता येतं. बाकी ही घड्याळं घेणारे लोक कोण? बँकेतले, शाळेतले, आयटीतले. त्यातला एकही कधी पाण्यात उतरला नव्हता, की विमान चालवायला गेला नव्हता. मनगटावर घालून दुचाकीवरून द्वारकेच्या सिग्नलला उभं राहायचं, इतकीच काय ती जोखीम. एकानं खाली लिहिलं, "दादा, बादलीत बुडवून काय दाखवता? खरा पाणबुड्या आणा ना!" ते मात्र संतोषला झोंबलं.

आणि जानेवारीत गिरणाऱ्याच्या मळ्यातून थोरल्या भावाचा, रंगनाथचा फोन आला. विहिरीतल्या मोटरीचा दोर तुटला होता आणि मोटर तळाला जाऊन गाळात रुतली होती. द्राक्षांचे घड फुगायच्या दिवसांत पाणी बंद. रंगनाथ वैतागून म्हणाला, "टँकरवर भागवतोय. पर सुरगाण्याहून बारकूला बोलावलाय. रविवारी उतरंल तो."

"बारकू म्हणजे?"

"अरे तो, इहिरीत बुडी मारणारा. मागं पिंगळ्यांची मोटर काढली त्यानं."

संतोषला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. खरा पाणबुड्या, आणि तोही घरच्या विहिरीत!

रविवारी तो दोन्ही घड्याळं, कॅमेऱ्याचा मोबाईल आणि तिपाई घेऊन सकाळी नऊलाच मळ्यात हजर. बारकू चाळिशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. बरोबर त्याची बायको फुलाबाई. भात कापून झालं की दोघं डोंगरावरून खाली यायची आणि उन्हाळ्यापर्यंत विहिरींचीच कामं करायची. पंक्चरवाल्याकडं असतो तसला कंप्रेसर, त्याला लांब नळी, नळीचं टोक बारकूच्या तोंडात, कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक फुलाबाईच्या हातात. तिच्याखेरीज तो कुणाला दोर धरू देत नसे.

त्यांची रीत ठरलेली होती. खाली गेल्यावर बारकू दर दोन-तीन मिनिटांनी दोराला एक हिसका द्यायचा. मी हाय, एवढाच त्याचा अर्थ. वीस मिनिटं झाली की फुलाबाई वरून दोन हिसके द्यायची आणि तो वर यायचा. वीस म्हणजे वीस. कंप्रेसरची हवा तेलकट, विहिरीचं पाणी गार. त्याच्यापुढं डोकं जड होतं, आणि गंमत अशी की ज्याचं जड होतं त्याला ते कळत नाही. त्याला बरंच वाटत असतं. दोन वर्षांपूर्वी बारकूचा चुलतभाऊ असाच बरं वाटत वाटत खाली राहिला होता. फुलाबाईनं हे सगळं संतोषला भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. वेळ ती मोबाईलवर लावायची. विसाव्या मिनिटाला तो कोकलायचा.

"आज मोबाईल राहू द्या," संतोष म्हणाला. "आज घड्याळावर."

त्याच्या डोक्यात सगळं पक्कं होतं. पाणबुड्याचं घड्याळ पाणबुड्याला, हे तर उघडच. आणि वर बसणाऱ्या बाईला वैमानिकाचं, कारण त्याचे आकडे मोठे, उन्हात लांबून दिसणारे. दोन घड्याळं, दोन माणसं, आणि एकाच दोराची दोन टोकं! व्हिडिओचं नावसुद्धा त्यानं येता येता रस्त्यात ठरवलं होतं.

फुलाबाईनं घड्याळ उलटसुलट करून बघितलं. "हे बोंबलतं का वीस झाल्यावर?"

"नाही, तुम्ही बघायचं. हे कडं असं फिरवायचं, ही खूण या मोठ्या काट्यासमोर. काटा इथं, वीसवर आला, की झालं."

"मोबाईल बरा हाय ना."

"अहो, मोबाईलचं काय, तो कधीही दगा देतो. बॅटरी संपते, कुणाचा फोन येतो. हे बघा, हे मी स्वतः तपासलंय. दिवसाला चार सेकंदांचा फरक. चार सेकंद!"

तिनं नवऱ्याकडं बघितलं. बारकू मनगटावरचं नवं घड्याळ खाली-वर करून निरखत होता. त्याला ते आवडलेलं दिसत होतं. "ऱ्हाऊ दे आता," तो म्हणाला. "भाऊ म्हणत्यात तर." संतोषनं तिचा मोबाईल घेतला आणि नीट रंगनाथच्या पिकअपच्या डॅशबोर्डवर नेऊन ठेवला. चित्रात मोबाईल दिसला असता तर सगळ्या तुलनेची माती झाली असती. स्वतःच्या मनगटावरही त्यानं मुद्दाम काही घातलं नव्हतं. तिसरं घड्याळ चित्रात नको.

बारकू उतरला. पाणी पंचेचाळीस फूट, त्याखाली गाळ. फुलाबाई कठड्याला गुडघे टेकून बसली, दोर दोन्ही हातांत, घड्याळ डाव्या मनगटावर. रंगनाथ कंप्रेसरपाशी होता, तो थोड्या वेळानं मजुरांकडं गेला. कॅमेरा लावून संतोष बोलत सुटला. पाण्याचा दाब, काचेचा प्रकार, काट्यांवरचा चमकणारा लेप, पट्टा रबराचा बरा की कापडाचा. बोलण्यात तो तसा वाकबगार होता. दोराला हिसके येत होते, फुलाबाई प्रत्येक हिसक्याला मान हलवत होती, तेही त्यानं छान टिपलं.

मग एकदा ती म्हणाली, "लय वेळ झाला वाटतंय."

संतोष तिच्यापाशी गेला आणि कड्यावर बघितलं. "अकरा मिनिटं. अजून नऊ आहेत."

"हिसका नाय आला बराच."

"कामात असेल. हुक अडकवत असेल."

"कामात असला तरी देतो."

"फुलाबाई, वाट बघताना असंच वाटतं. वेळ पुढं सरकत नाही." हे त्यानं हसून, समजुतीच्या सुरात म्हटलं. कॅमेऱ्याकडंही एकदा बघितलं.

ती मनगटाकडं बघत राहिली. घड्याळाचे आकडे खरोखरच मोठे होते, तिला ते स्वच्छ दिसत होते. बारा. तेरा. तिनं दोराला एक हिसका दिला. खालून काही नाही. तिनं दोन दिले. काही नाही. दोर नुसता ओला होऊन हातात पडला होता. संतोष म्हणाला, "चौदाच झालीत अजून," आणि तेवढ्यात ती ओरडली.

"मला नाय कळत तुमचं घड्याळ! ओढा!"

आणि ओढायला ती एकटीच लागली. संतोष पहिले काही क्षण नुसता उभा होता, हे सांगायलाच हवं. मग त्यानं धावत जाऊन मागून दोर धरला, रंगनाथला हाका मारल्या, तो आला, दोन मजूर आले. पुढचे हात फुलाबाईचे होते. दोर कठड्यावरून सरसर घासत तिच्या तळव्यातून जात होता आणि ती काही सोडत नव्हती. बारकू वर आला तेव्हा नळी तोंडात नव्हती. ओठ निळे, डोळे अर्धे उघडे. उताणा घातला, पालथा घातला, पाठीवर थापट्या मारल्या. त्यानं पाणी ओकलं, मग नुसतंच ओकत राहिला. डॉक्टरकडं नेताना पिकअपमध्ये तो एकदाच बोलला. "बरं वाटत होतं मला," म्हणाला.

तो वाचला. डॉक्टरनं दिवसभर ऑक्सिजन लावला आणि चार दिवस पाण्याकडं बघू नको म्हणून बजावलं. फुलाबाईच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती, त्यांना पट्ट्या बांधल्या. असं होतं कधी कधी, असं रंगनाथ दोनदा म्हणाला. संतोषनंही मान हलवली. खरं तर त्याला मनातून वाटत होतं की बाईचा अंदाज यावेळी खरा ठरला, पण वीसच्या आत असं व्हायला नको होतं. बारकूची प्रकृतीच आधीपासून बरी नसावी. कंप्रेसरही तपासायला हवा.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्यानं व्हिडिओ लावला. टाकायचा विचार नव्हता, नुसता बघायला. खाली कोपऱ्यात वेळ दिसत होता. बारकू पाण्यात गेला तिथून त्यानं मोजायला घेतलं, आणि फुलाबाई ओरडली तिथं थांबला. अठ्ठावीस मिनिटं.

त्यानं पुन्हा मोजलं. मापायची सवयच ती. अठ्ठावीस.

मग तो चित्र मागं नेत नेत सोळाव्या मिनिटाशी आला. तिथं फुलाबाईनं दोर उजव्या हातातून डाव्यात घेतला होता आणि त्याचा एक वेढा मनगटावर टाकला होता. साधी गोष्ट, अवघडलेला माणूस हात बदलतोच. वेढा घट्ट झाला, घासला, आणि त्याच्याखाली कडं फिरलं. अगदी स्वच्छ दिसत होतं. त्रिकोणी खूण उजवीकडं सरकली, चौदा मिनिटांनी पुढं. तिनं मनगटाकडं बघितलं तोवर सगळं जिथल्या तिथं होतं, घड्याळ बिनचूक चाललं होतं, फक्त चौदा मिनिटं गिळून बसलं होतं. आणि मागून संतोषचाच आवाज येत होता. पट्टा रबराचा बरा की कापडाचा, हे तो सांगत होता.

डबा तसाच ठेवून तो उठला. सुपरवायझरला म्हणाला पोट बिघडलंय, आणि थेट मळ्यात गेला.

मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीसमोर बारकू बाजेवर पडला होता. फुलाबाई पट्ट्या बांधलेल्या हातांनी लसूण सोलायचा प्रयत्न करत होती, जमत नव्हतं. संतोषनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. अठ्ठावीस मिनिटं झाली होती, कडं फिरलं होतं, चूक तिची नव्हती, तिनं ओढलं म्हणून बारकू राहिला. दोघं ऐकत होती. मग फुलाबाई म्हणाली, "दोन्ही आणा इकडं."

बारकूचं घड्याळ त्याच्या उशाला होतं, दुसरं संतोषच्या खिशात. तिनं दोन्ही मांडीवर ठेवली. वैमानिकाच्या घड्याळाचं कडं तिनं बोटाच्या टोकानं लोटलं. उजवीकडं गेलं, डावीकडं आलं. मग पाणबुड्याचं धरलं. ते डावीकडं टकटक करत फिरलं. उजवीकडं मात्र हलेना. तिनं जोर लावला, पट्टीतलं बोट दुखलं तसं सोडलं.

"हे का नाय फिरत तिकडं?"

"मुद्दाम तसं केलेलं असतं," संतोष म्हणाला. "एकाच बाजूला फिरतं. म्हणजे चुकून धक्का लागला तरी वेळ जास्तच झाला असं दिसतं. माणूस लवकर वर येतो. उशीर होत नाही."

"आणि हे?"

"ते दोन्हीकडं फिरतं. विमानात तेवढी अडचण नसते."

"हे तुम्हाला म्हाईत होतं?"

आता काय सांगायचं? या एका मुद्द्यावर त्याचा पंधरा मिनिटांचा अख्खा व्हिडिओ होता, त्यात त्यानं लाल बाण काढून दाखवलं होतं. "हो," तो म्हणाला.

"मंग हे एकाच बाजूचं खाली कशाला धाडलं? खाली गाळात दिसतंय काय त्याला? बघणारी तर मी वर होते."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर संतोषला बरं वाटलं असतं. पाणबुड्याला पाणबुड्याचं, एवढंच त्याला सुचलं होतं, नावावरून. इतकी वर्षं तो घड्याळं मापत होता आणि वेळ कुणी बघायचा हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता. लाज वाटली त्याला. सपाटून लाज वाटली. बाजेवरून बारकू म्हणाला, "जाऊ दे ना. पाण्यात चांगलं चाललं ते." त्या बोलण्यानं संतोष अजूनच मेला.

पाणबुड्याचं घड्याळ त्यानं फुलाबाईलाच देऊन टाकलं. तिनं ते मोबाईलशेजारी ठेवलं, नको म्हणाली नाही.

पाचव्या दिवशी काम पुन्हा काढावं लागलं. द्राक्षं काही थांबणार नव्हती, आणि दुसरा कुणी उतरणारा मिळेना. रंगनाथनं बारकूला दोनदा विचारलं, जमंल का. बारकू म्हणाला, जमंल, मोटर कुठं हाय ते हाताला लागलंय. पण फुलाबाईचे तळवे भरले नव्हते. तिला दोर धरता येणार नव्हता. रंगनाथ पुढं झाला, तर बारकूनं मान हलवली आणि संतोषकडं बोट केलं.

"यांनी धरायचा."

"अरे, त्याला काय येतंय?" रंगनाथ म्हणाला. "दिसभर पंख्याखाली बसणारा माणूस."

"धरू द्या. यांना आता कळंल."

फुलाबाईनं आपल्या हातातलं घड्याळ काढून संतोषच्या मनगटावर बांधलं, मोबाईलही वेळ लावून कठड्यावर ठेवला. कॅमेरा नव्हता. संतोषनं कडं फिरवून खूण काट्यासमोर आणली, दोन-दोनदा तपासली, आणि बारकू पाण्यात दिसेनासा झाला.

पहिली पाच मिनिटं ठीक गेली. हिसके येत होते. दोराचा ओला पीळ तळव्यात रुतत होता आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस आहे ही गोष्ट आता त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पाण्यावर बुडबुडे येत, फुटत. सात. आठ. एवढी मोठी मिनिटं त्यानं आजवर कधी बघितली नव्हती. घामानं डोळे चुरचुरायला लागले, पण पुसायला हात सोडवेना. दहा. हिसका आला. अकरा. बारा. हिसका नाही. त्यानं घड्याळ बघितलं, मोबाईल बघितला, पुन्हा घड्याळ. दोन्ही एकच सांगत होती. अजून आठ मिनिटं होती. हे त्याला स्पष्ट कळत होतं. शेजारी फुलाबाई उकिडवी बसली होती, स्वस्थ, पाण्याकडं बघत.

तेरा झाली आणि त्यानं दोन हिसके दिले. नुसते दिले नाहीत, दातओठ खात दोर ओढायला लागला.

बारकू भडकूनच वर आला. नळी काढली, थुंकला. हातात रिकामा हुक होता. "आता अडकवतच होतो! झाली वीस?"

"तेरा," संतोष म्हणाला. दोर त्यानं अजून तसाच आवळून धरला होता.

"मंग ओढलं कशाला?"

"मला नाही धरवलं," तो म्हणाला, आणि भावासमोर, मजुरांसमोर, सगळ्यांसमोर त्याला रडू फुटलं.

रंगनाथ दुसरीकडं बघायला लागला. बारकू कठड्याला धरून धापा टाकत होता. फुलाबाईनं पट्टी बांधलेला हात दोरावर ठेवला आणि हसली. रविवारनंतर पहिल्यांदाच.

"मी तर पहिल्या वरसाला आठालाच ओढायची," ती म्हणाली. "लय शिव्या दिल्या यांनी मला. बसा जरा. मंग उतरतील पुन्हा, आणि तुम्हीच धरा."